पेडणेकरकाकांची नवकंकरी

आमच्या करी रोडच्या इमारतीत समोरच्या दारातले पेडणेकरकाका कॉम्प्युटरचा एरर उभं राहून वाचतात. मोठ्याने, पहिल्या ओळीपासून. शेवटची ओळ बघून धावतात ते उतावळे, असं त्यांचं मत.

काका गोदीतल्या एका कार्यालयाच्या कॉम्प्युटर विभागातून निवृत्त झाले. भाषा एकच येते, सी. बाकीच्या भाषांना ते 'लाडावलेल्या' म्हणतात. तरुणपणी त्यांनी सीमध्ये नवकंकरी लिहिली होती. जमिनीवर रेघा ओढून चिंचोक्यांनी खेळतात, तो खेळ. यंदा त्यांनी जाहीर केलं की तो आता फोनच्या ब्राउझरमध्ये चालणार. त्यासाठी सीचा प्रोग्रॅम वेबअसेंब्लीत, म्हणजे ब्राउझरला थेट चालवता येईल अशा रूपात, बदलणारा कंपायलर हवा होता. मी सॉफ्टवेअरमध्येच आहे. बसवून देते म्हटलं.

"तू फक्त बस गो. चहा घे."

कंपायलर बसला. दुसऱ्या दिवशी मशीन म्हणे, असा कंपायलर इथे नाहीच. कमांड टाइप करायच्या नव्या खिडकीला पाथ, म्हणजे कंपायलरचा पत्ता, माहीत नव्हता. पत्ता नसेल तर टपाल येणार कसं, म्हणत काकांनी तो कायमचा लिहून टाकला. मग बिल्ड झाला, म्हणजे प्रोग्रॅम तयार झाला, पण सतरा वॉर्निंग देऊन. चालेल की, मी म्हटलं. हात न धुता पानावर बसलेल्या माणसाकडे बघावं तसं काकांनी माझ्याकडे बघितलं. चार दिवसांत वॉर्निंग शून्य. ब्राउझरमध्ये पान उघडलं तर कोरं. नुसतं डबल-क्लिक करून भागत नाही, छोटा सर्व्हर चालवावा लागतो, एवढं मात्र त्यांनी माझ्याकडून ऐकून घेतलं. शेवटी पट दिसला.

लिंक गेली देवगडला, त्यांच्या थोरल्या बहिणीला, आक्काला. पाय मोडल्यापासून ती खाटेवर होती. कुणाशी धड बोलत नव्हती, काकांचा फोनही घेत नव्हती. त्याच संध्याकाळी तिचा फोन आला.

"तुझा मशीन लबाड आसा. माझी कंकरी खाल्ल्यान."

आठवडाभराने मी कोड पाहिला. चूक खरीच होती. मशीन मधूनच एक खेळी जास्त घेत होतं. एका ओळीचं काम. काकांना दाखवलं तर म्हणाले, त्यांना ती पहिल्याच दिवशी सापडली होती.

"मग दुरुस्त का नाही केलीत?"

काकांनी कीबोर्ड माझ्यापुढून ओढून घेतला.

"रोज भांडायला फोन करते ती. काल तासभर भांडली. राहू दे."