बावखलातला फोटो

माझा चेहरा मोठ्या बोर्डावर लागणार, हे मी अख्ख्या गिरीजमध्ये घरोघरी सांगून आले होते! नाक्यावर मुलाच्या वाढदिवसाचा बॅनर लागल्यापासून शेजारची आग्नेस मानेला पट्टा लावल्यासारखी ताठ चालते. म्हटलं, थांब बाय, आता माझी पाळी!

झालं असं. विरारच्या बाजूला एक बिल्डर ‘पाण्याकाठचे महाल’ बांधतोय. तिथल्या पाण्यात चिखल आणि प्लास्टिकच जास्त. म्हणून जाहिरातीच्या फोटोसाठी त्याची माणसं आली आमच्या बावखलावर. वाडी शिंपायचं आमचं जुनं तळं ते! फोटोवाला वॉल्टर मला बघताच म्हणाला, "आँटी, सुखी कुटुंबातली आजी तुम्हीच!"

"लाल लुगडं नेसू?"

"नेसा की! बांगड्याही घाला!"

ठरलेल्या दिवशी काठावर पांढरा सोफा आला. गोठ्यात नवरदेव बसवल्यासारखा दिसत होता. त्यावर जाहिरातीतला हिरो आणि मी. समोर पांढऱ्या होडीत मॉडेल पोरगी, हातात सरबताचा ग्लास.

आमच्या ह्यांना, फर्डिनंडना, मी सकाळीच बजावलं होतं, "आज मध्येमध्ये यायचं नाही." बिचारे आले नाहीत. केळीमागे पंपाच्या खोलीत बसले. नेमका केळीला पाणी द्यायचा दिवस! गेलेली लाइट चार वाजता आली आणि चाळीस वर्षांच्या नेमाने त्यांनी पंप लावला. एप्रिलचं पाणी ते, आधीच मांडीभर!

"आँटी, स्माईल!"

"वॉल्टर, होडी खाली का चाललीय रे?"

"तो अँगल आहे, आँटी."

थोड्या वेळाने त्याचा अँगल चिखलात रुतला! होडी कलंडली, पोरगी किंचाळली, बेडूक सोफ्यावर आले. हिरो पांढरे बूट वर घेऊन मांडी घालून बसला!

"अहो, पंप बंद करा!" मी ओरडले.

"दोन रांगा राहिल्यात!" केळीतून उत्तर.

शेवटी मीच लुगडं खोचून चिखलात उतरले आणि पोरीला केळीच्या घडासारखी उचलली.

"आजी, सोडू नका हं!"

"आधी तो ग्लास सोड, बये!"

वॉल्टरचं आपलं फोटो काढणं चालूच!

महिन्याने बोर्ड लागला. रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर आग्नेससकट अर्धं गाव घेऊन मी नाक्यावर पोचले. बघते तर निळंशार पाणी आणि पोरगी उचललेली. किंचाळताना उघडलेलं तिचं तोंड लांबून हसल्यासारखं दिसत होतं. आणि उचलणारा कोण? हिरो! मला पुसून तिथे त्याला चिकटवला होता. पोरीच्या कमरेभोवतीचे हात तेवढे माझे राहिले होते. बांगड्यांसकट!

"सेलिनबाय, तुझा चेहरा कुठाय गं?" आग्नेसने गोड आवाजात विचारलं.

"हात बघ, हात!" मी दोन्ही हात वर करून बोर्डाखाली उभी राहिले. "ह्याच त्या बांगड्या!"

एक रिक्षा थांबली. "कुठे जायचं, मावशी?"

मला अक्षर लावत वाचायचं म्हटलं तर संध्याकाळ होते. म्हणून नातीला विचारलं, "नताशा, खाली ते बारीक काय लिहिलंय? माझं नाव असेल!"

"नाही गं आजी. ‘चित्रातील पाणी, झाडे व व्यक्ती काल्पनिक आहेत.’"

काल्पनिक! चार बाळंतपणं केलेली मी काल्पनिक?

घरी ही गोष्ट ऐकून फर्डिनंड शांतपणे म्हणाले, "मग आज एकच ताट घ्यायचं ना? काल्पनिक माणसाला भूक कुठली!"

रागाने मी जेवणारच नव्हते. पण पापलेटचं कालवण होतं हो! आणि हात तर खरेच होते. दोनदा वाढून घेतलं.