नोटीस आली, पुढे काय?

"बाबा, तुमच्या फर्मचा ब्लॉग तुम्ही स्वतः कधी शेवटपर्यंत वाचलाय का?"

हा प्रश्न भर जेवणात विचारून दाखव, असं आव्हान मैत्रिणींनी मला मधल्या सुट्टीत दिलं होतं. विचारला. आमचे आईबाबा दोघेही वकील, एकाच फर्मचे भागीदार. त्यामुळे आमच्या घरात भांडणं होत नाहीत, युक्तिवाद होतात. बाबांनी पाण्याचा पेला शांतपणे खाली ठेवला.

"लेखकाने स्वतःचा लेख वाचणं कायद्याने बंधनकारक नाही."

"म्हणजे नाही वाचलेला," आईने निकाल दिला.

प्रश्न आगाऊ असला तरी निराधार नव्हता. 'भाडेकरूस प्राप्त झालेली नोटीस : एक साधकबाधक विवेचन' हा बाबांचा लेख लोक सरासरी नऊ सेकंद वाचत. ज्यांचा फोन अडकला होता, ते लोकही यात धरलेले होते. लेखाची सुरुवातच 'उपरोक्त' या शब्दाने व्हायची आणि त्याच्या वर काहीच नव्हतं.

सबब, फर्मने एक वाचकवृद्धी सल्लागार नेमला. हे गृहस्थ तोंड उघडण्याआधी आलेख उघडायचे, म्हणून मी त्यांचं नाव आलेखकाका ठेवलं. लिखाणात जीव नाही, असं निदान त्यांनी केलं. घरात जीव असलेली मी एकटीच. त्यातून नुकतीच वक्तृत्व स्पर्धा जिंकल्यामुळे मी कुणी न विचारताही बोलत सुटले होते. ब्लॉग माझ्या गळ्यात पडला.

मी लिहिलं, "नोटीस आली? रडत बसू नका. मुदतीच्या आत लेखी उत्तर द्या, पोच घ्या आणि वकिलाला विचारल्याशिवाय किल्ली कुणाच्या हातात देऊ नका." लोक आले, त्यांनी वाचलं, त्यांना कळलं आणि ते गेले. आलेख धाडकन आपटला.

"अगं, काय करून बसलीस हे!" आलेखकाकांनी कपाळाला हात लावला. "पहिल्याच ओळीत उत्तर? उत्तर मिळाल्यावर माणूस थांबेल कशाला?"

"पण काका, त्याला उत्तरच हवं होतं ना?"

"त्याला उत्तर हवंय. आपल्याला तो हवाय."

यावर भागीदारांची रीतसर बैठक झाली आणि उत्तर लेखाच्या तळाशी हलवण्यात आलं. वाचक महाबिलंदर! ते सरळ तळाशी जाऊ लागले. तेव्हा तळच काढून टाकण्याचा ठराव झाला. उत्तर पुढच्या भागात, आणि पुढच्या भागात त्याच्या पुढच्या भागात. अशी माझी मालिका सुरू झाली. नायिका कपडे शिवणारी बाई, आणि दुकान रिकामं करा म्हणून मालकाची नोटीस. ही बाई मी ऑफिसच्या खाली दुकान असलेल्या टेलरमावशींवरून बेतली होती, तोंडात टाचण्या धरून बोलण्याच्या सवयीसकट. नोटीस मात्र माझ्या मनाची. प्रत्येक भागाच्या शेवटी दार वाजायचं. आई प्रत्येक परिच्छेदाखाली 'हा कायदेशीर सल्ला नव्हे' असं घालायची आणि बाबा मधूनच एक 'उपरोक्त' पेरायचे, वडीलकीच्या नात्याने.

मालिका तुफान चालली. आमचे गणिताचे सर फळ्यावरचं समीकरण अर्धवट सोडून म्हणाले, "ए, त्या बाईच्या नोटिशीचं पुढे काय?" मी हवेत होते. जमिनीवर यायला वेळ कुणाला होता!

गणवेश सैल करून घ्यायला गेले, तर टेलरमावशींनीही तेच विचारलं. "काय गं लेखिके, शेवटी काय करते ती नोटिशीचं?"

"सस्पेन्स आहे मावशी! सांगितलं तर मजा जाईल."

"मजा जाऊ दे गं. मला आपलं सहज..."

"मग वर जाऊन बाबांनाच विचारा ना!"

"नको बाई. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, आणि तुझे बाबा म्हणजे कोर्टाची पहिलीच पायरी. तुझं वाचते, ते फुकट आहे."

पुढचा भाग टाकला आणि त्याखाली एक प्रतिक्रिया आली : 'मलापण अशीच नोटीस आली आहे. मुदत संपत आली. काय करू कुणी सांगा. खालची टेलरबाई.'

वाचक अक्षरशः नाचले. 'काय ट्विस्ट आहे!' 'पात्रच बोलायला लागलं, मानलं बुवा!' बदामाच्या इमोजींचा नुसता पाऊस. आलेखकाकांनी ती प्रतिक्रिया सगळ्यांत वर टाचून ठेवली. मला वाटलं, ही त्यांचीच युक्ती. म्हणून एक बदाम मीही टाकला.

त्यानंतर एक दिवस शाळेतून येते, तर दुकानाला मालकाचं कुलूप. शिलाई मशीन फुटपाथवर, आणि मशीनच्या स्टुलावर मावशी. भोवती गर्दी, सगळ्यांचे फोन वर. "मालिकेचं शूटिंग दिसतंय," कुणीतरी कौतुकाने म्हणालं. तेवढ्यात आलेखकाका पुष्पगुच्छ घेऊन जिना उतरले. फर्मच्या सर्वांत निष्ठावान वाचकाचा सत्कार आजच ठरला होता.

"अभिनंदन मावशी! एकही भाग चुकवला नाहीत तुम्ही!"

मावशींनी गुच्छ घेऊन मशीनवर ठेवला. "ते राहू द्या, साहेब. उत्तर कितव्या भागात होतं, तेवढं सांगा."

"पुढच्या," आलेखकाका सवयीने बोलून गेले.

गर्दीने टाळ्या वाजवल्या. मी मात्र दोन-दोन पायऱ्या गाळत जिना चढले आणि दार न वाजवता आईबाबांच्या केबिनमध्ये घुसले. ते दोघं खिडकीतून खालीच बघत होते.

"तांत्रिकदृष्ट्या आपली काहीही जबाबदारी येत नाही," बाबा म्हणाले. "तुझ्या आईचं वाक्य प्रत्येक परिच्छेदाखाली आहे."

 

"मी ठरवलंय," मी म्हणाले. "मावशींची केस तुम्ही दोघं लढणार, आणि फुकट लढणार. मालिका आजपासून बंद. शेवटचा भाग मी आताच टाकते, त्यात ही सगळी हकीकत जशीच्या तशी असेल, उत्तरासकट. साक्षीदारांची चिंता नको. मावशींनी मदत मागितली तेव्हा बदाम टाकणारे सगळे तिथे हजर होते, त्यांत पहिलं नाव माझं घाला. आणि मावशी फुटपाथवर बसलेल्या असताना 'पुढे काय झालं?' म्हणत जे इथपर्यंत चवीने वाचत आलेत ना, त्यांनाही समन्स काढा."