सायलीचे बत्तीस इंच

कामतघरच्या आमच्या चाळीत गायकवाडांकडे चहाला जायचं, तर आधी माणसं कळवावी लागतात. एकदा मी म्हटलं, "मी आणि मेहुणा येतो."

"मेहुण्याबरोबर कोण? आणि त्याच्याबरोबर? सगळ्यात लांब साखळीची बेरीज सांगा, म्हात्रे."

"होईल हो ॲडजस्ट."

"आमच्या कामात ॲडजस्ट नसतं. प्रोग्राम आतच घेत नाहीत."

गायकवाड एकटे राहतात, काम घरूनच करतात. लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, छोटे प्रोग्राम चालतात. त्यांना यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरवर ते काम करतात. चालत्या प्रोग्रामला तात्पुरतं सामान ठेवायला जागा लागते, ती स्टॅक. मिळते फक्त पाचशे बारा बाइट, तीही एकाने दुसऱ्याला बोलावलं तर साखळीत सगळ्यांना मिळून; जास्त लागली, तर कर्नेल प्रोग्रामला आत घेत नाही. मी दापोड्याच्या गोदामात माल मोजतो, म्हणून हिशेब केला: एवढ्यात मराठीच्या जेमतेम तीन ओळी मावतात.

यंदा आमची सायली बारावीला होती. आमच्या भिंतीपलीकडे कापड विणायचे लूम, दिवसभर खटखट. पोरगी कानात कापूस घालून रडायची. शेवटी बायको म्हणाली, "गायकवाड भाऊजींकडे शांत असतं. विचारून तर बघा."

मी सायलीला घेऊन गेलो. गायकवाडांनी माझ्याकडे बघितलंही नाही. "टेबलावर जागा किती लागणार, आधी सांग," ते सायलीला म्हणाले.

"वीस इंच, काका."

"सोळाच्या पटीत वर न्यायचं. बत्तीस घे."

त्यांनी टेबलावर पट्ट्या चिकटवल्या. दोन्ही बाजूंना चार-चार बोटं मोकळी सोडली. "ही राखण. इथे पुस्तक दिसलं, की हद्द ओलांडली. कंपायलर स्वतंत्र स्टॅक देतो, तेव्हा दोन्ही टोकांना असंच करतो."

त्यांच्याकडे टेबल एकच, अठ्ठेचाळीस इंची. बत्तीस सायलीचे, सहा राखणीचे. उरले दहा. त्यात त्यांचा लॅपटॉप मावणं शक्य नव्हतं. चार महिने हा माणूस स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभा राहून नोकरी करत होता. त्यांनी सांगितलं नाही. ही वजाबाकी मला फार उशिरा सुचली.

निकाल चांगला लागला. मी पेढे घेऊन गेलो. लॅपटॉप अजून ओट्यावरच होता. टेबल रिकामं, पट्ट्या जागच्या जागी.

"गायकवाड, तुमचे उपकार कसे..." मी टेबलाकडे बोट केलं. "आता बसा की टेबलावर. प्रोग्राम संपला, की जागा परत घ्यायची असते, तुम्हीच म्हणता."

"बघू," म्हणत ते चहाचं आधण ठेवायला वळले.

मी पेढ्यांचा डबा टेबलावर ठेवायला गेलो.

"तिथे नको, म्हात्रे," ते पाठमोरेच म्हणाले. "ती सायलीची जागा आहे."