आठ वाजताचा घास

२००२ च्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी, आठला थोडा वेळ असताना, कोल्हापुरातल्या आमच्या दैनिकाच्या कचेरीतले सगळे फोन बंद पडले. संगणक विभागाचे शिवाप्पा, आमचे अप्पा, हातातलं काम टाकून, जेवणाचा डबा घेऊन बाहेर पडले.

एरवी आठला अप्पा घरी फोन लावत. डब्यातला भाकरीचा तुकडा तोंडात घालून रिसीव्हरजवळ मोठ्यानं चावत, गिळत आणि फोन ठेवत. डबा पुन्हा बंद. कुणी विचारलं तर म्हणत, "टेस्टिंग चाललंय."

अप्पा निपाणीकडचे. घरी कानडी, कचेरीत कोल्हापुरी. "क्रम काय?" हा त्यांचा लाडका प्रश्न. शुक्रवार पेठेतल्या बोळात एकदा टेम्पो आणि जीप समोरासमोर अडकले. अप्पांनी मध्ये उभं राहून दोघांना क्रम विचारला. दोन्ही ड्रायव्हर आपसातलं भांडण विसरून अप्पांच्या अंगावर गेले. शेवटी जीप मागं सरली. "वाट मोकळी झाली की न्हाय?" अप्पा म्हणाले.

त्या महिन्यात आमचा सर्व्हर असाच अडकत होता. पानं छापखान्याकडे जाताना मध्येच गोठायचा. संपादक म्हणत, "बंद करून चालू करा." अप्पा तसं करत, पण मानत नसत. "मेलेल्याला उठवून बसवलं. रोग हाय तिथंच हाय."

सर्व्हरवरची प्रणाली फुकट मिळणारी, तिचा कोड उघडा. त्यातला नेटवर्कचा भाग अप्पा रोज वाचत होते. रोग सापडला तोही त्याच संध्याकाळी, फोन बंद पडायच्या जरा आधी. दुरुस्ती अर्धी टाइप झाली होती, ग्रामीण आवृत्तीचं पहिलं पान सर्व्हरमध्ये अडकलं होतं, आणि अप्पा उठले.

"अप्पा, पान अडलंय," संपादक म्हणाले.

"पान थांबंल, साहेब."

संपादकांनी त्यांना परत आणायला मला पाठवलं. अप्पा कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथच्या रांगेत होते.

"पावणं, जरा सरा की," ते पुढच्या माणसाला म्हणाले. "बायकोला जेवायचंय."

"मग जेवू द्या की. फोन कशाला?"

"मी चावल्याबिगर ती जेवत न्हाय."

तो माणूस सरला.

अप्पांच्या पत्नी गिरिजाकाकूंना साखरेचा आजार. साडेसातला शेजारच्या नर्सबाई इंजेक्शन देऊन जात. त्यानंतर आठपर्यंत पोटात अन्न जायलाच हवं, नाहीतर चक्कर. पण नवऱ्याआधी जेवायचं नाही, हा काकूंचा नेम. बायकोआधी जेवायचं नाही, ही अप्पांनी लग्नात सर्वांसमोर घेतलेली शपथ. एकदा दोघंही एकमेकांसाठी थांबले आणि काकू चुलीपाशी कोसळल्या. त्यानंतर अप्पांनी शपथ सोडली. पुढं एकदा कामाच्या गडबडीत "जेवलो" म्हणून फोनवर खोटं सांगितलं. डबा भरलेला परत गेला. तेव्हापासून काकूंना चावण्याचा आवाज लागे.

अप्पांनी नंबर फिरवला आणि घास चावला. पलीकडून काकूंनी विचारलं, "ऊटा आयता?" जेवण झालं का, एवढंच. "व्हय," म्हणून अप्पांनी फोन ठेवला.

परत येताना मी सर्व्हरचं विचारलं.

"दोन कामं हायत. एकानं पानांच्या रांगेचं कुलूप धरलंय आणि नेटवर्क कार्डाच्या कुलपासाठी थांबलंय. दुसऱ्यानं कार्डाचं धरलंय आणि रांगेच्या कुलपासाठी थांबलंय. हातातलं कुणीच सोडत न्हाय."

"मग बरोबर कोण?"

"कोणबी असू दे. क्रम एकच पाहिजे. आधी रांग, मग कार्ड, दोघांनीबी. आमच्या घरी तिचा क्रम ठेवला."

"शपथेचं काय?"

"शपथ माझी हुती. चक्कर तिला येत हुती."

जागेवर बसून अप्पांनी दोन ओळींची अर्धी राहिलेली अदलाबदल पुरी केली, प्रणाली नव्यानं तयार केली आणि सर्व्हर पुन्हा चालू केला. पान गेलं. नंतर सर्व्हर त्या कारणानं अडकला नाही, आणि अप्पा साडेसातच्या आत घरी जाऊ लागले.

पुढं काही वर्षांनी, अप्पा निवृत्त झाल्यावर, मी त्यांच्याकडे गेलो. आजारानं काकूंची नजर गेली होती. आठला दोघं समोरासमोर ताटावर बसले. अप्पांनी भाकरी मोडून तोंडात घातली.

"ऐकू न्हाय आलं," काकू म्हणाल्या.

अप्पा पुढं सरकले, त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि मोठ्यानं चावले.

काकूंनी भाकरी मोडली.