ऐकण्यातली

आमच्या शेजारचे लेले सर लिफ्टलासुद्धा शेरा देतात. तिचं दार लागेना, की चष्मा नाकावर सरकवून म्हणतात, "ऐकण्यातली नाही!" आणि जिन्याने निघतात.

कोपरीतल्या एका शाळेत तीस वर्षं वर्गशिक्षक होते. प्रगतिपुस्तकांवर शेरे लिहायची सवय काही सुटली नाही. त्यांचा कुकर ऐकण्यातला. खोपटहून सुटणारी बस अजिबात नाही. गॅलरीतली मधुमालती सुतळीने बांधबांधून ऐकण्यातली केलेली. माझ्या नवऱ्यालाही हा शेरा मिळालाय. मी अर्थ विचारला, तर म्हणाले, "एकदा सांगितलं की करतो, आणि 'का' म्हणून विचारत नाही." नवरा दोन दिवस खुशीत होता.

पण पहिला नंबर त्यांच्या लेकीचा, मृदुलाचा. सरांच्याच वर्गात होती. आता डोंबिवलीला असते, बँकेत आहे. "आमची मृदुला बघा," हे आम्ही इतक्यांदा ऐकलंय, की आमच्या मुलांना त्या बिचारीचा राग यायचा.

गेल्या रविवारी सर दारात पेढे घेऊन उभे. नात सई दुसरीत आहे, तिचं प्रगतिपुस्तक आलं होतं. मी पेढा खाल्ला आणि शेरा वाचला : 'वर्गात ऐकत नाही. प्रत्येक गोष्टीला का विचारते.'

"सर, अहो ही तक्रार आहे!"

"मला मराठी येतं," सर म्हणाले.

तेवढ्यात मागून मृदुला आली, चांगलीच तापलेली. "बाबा, पेढे कसले वाटताय? दोन दिवस ओरडतेय मी तिला!"

सरांनी पेढा तिच्या हातावर ठेवला. "दहावीनंतर तुला चित्रकलेच्या कॉलेजात जायचं होतं. मी म्हटलं, कॉमर्स घे. तू 'बरं बाबा' म्हणालीस."

"झालं ना आता ते!"

"एकदा 'का' विचारायचं होतंस गं. माझ्याकडे उत्तर नव्हतं."

मला तिथून आत जावंसं वाटत होतं, पण पुढचं ऐकायचंही होतं.

"सईला नको ओरडूस," सर म्हणाले. "खा तो पेढा."

"नाही खाणार," मृदुला म्हणाली. आवाज रडवेला, पण ठाम.

सर तिच्याकडे बघतच राहिले. मग चष्मा काढून डोळे पुसले आणि इतके खूश होऊन हसले, की मी दुसरा पेढा न मागताच उचलला.