निळ्या पट्ट्यांसमोर एनोक

खिडकीतून निळ्या पट्ट्यांचा हिमनग दिसला आणि बिबियान हातातला मासा तसाच टाकून नवऱ्याला उठवायला धावली. पांढऱ्या अंगावर वरपासून खालपर्यंत शाई ओघळल्यासारखे निळे पट्टे! ग्रीनलंडमधल्या उम्मन्नाकच्या खाडीत असा हिमनग क्वचितच येई. राजधानी नूकच्या प्रदर्शनाला तिचा एकच फोटो हवा होता, आणि आजवर पाठवलेले सगळे 'फारच पांढरे' म्हणून परत आले होते.

"बर्फच ना?" एनोक कूस बदलत म्हणाला. "माझे गळ तोडून नेतो मेला. त्याचे कसले फोटो काढतेस?"

"उठतोस, की मी एकटीच नाव नेऊ?"

नाव हिच्या हाती जाणार म्हटल्यावर तो ताडकन उठला.

हिमनगापासून बऱ्याच अंतरावर त्याने मोटर बंद केली. सूर्य ढगाआड होता. "आता नाव हलवू नकोस," असं बजावून बिबियानने कॅमेरा डोळ्याला लावला तो लावलाच. एनोक वाट बघून कंटाळला. शेवटी ऊन पडलं आणि निळा रंग आतून पेटल्यासारखा दिसू लागला. ती भान हरपून बटण दाबत सुटली. तेवढ्यात कडाडकन आवाज झाला. एनोकने धडपडत मोटर सुरू केली. त्यांच्या मागे हिमनग कलंडला, पट्टे पाण्याखाली गेले आणि वर आली नुसती गुळगुळीत पांढरी पाठ.

घरी येऊन फोटो उघडले तर प्रत्येकात, पट्ट्यांच्या ऐन मधोमध, नावेच्या टोकावर एनोक उभा. पाठमोरा. मान खाली, दोन्ही हात पुढे.

"काय करतोयस तू हे?"

"दिसतंय की. समुद्रात कुठे जाणार माणूस?"

"हलू नकोस म्हटलं होतं ना!"

"नाव हलवू नकोस म्हणालीस. नाव कुठे हलली?" मग तो म्हणाला, "एवढे फोटो काढलेस, एकदाही दिसलो नाही तुला?"

"मी पट्टे बघत होते."

"लग्न झाल्यापासून तेच चाललंय."

तिने त्यातल्या त्यात बरा फोटो पाठवला आणि 'माणूस पुसता येईल का?' असं विचारलं. प्रदर्शन भरवणाऱ्या लिस्बेटबाईंचा लगेच फोन आला.

"पुसायचा? अहो, त्याच्यामुळेच तर निवडला! निसर्गापुढे नतमस्तक झालेला कोळी! आम्ही नाव दिलंय 'प्रार्थना'."

बिबियानने 'बरं' म्हणून फोन ठेवला.

नूकमध्ये सगळी गर्दी एनोकभोवती. पाद्रीसाहेबांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. एका म्हाताऱ्या बाईने डोळे टिपत विचारलं, "देवाकडे काय मागितलंत हो?"

"लवकर आटपू दे म्हटलं. थंडी फार होती."

लोकांनी गंभीरपणे माना हलवल्या. निळा रंग कसा टिपला, याचं उत्तर पाठ करून बिबियान नव्या झग्यात भिंतीशी उभी होती. एकाने येऊन तिच्या हातात उष्टी बशी ठेवली.

लिस्बेटबाई लगबगीने आल्या. "पुढच्या वर्षी सगळे फोटो तुमचेच लावू! यांच्या प्रार्थनेचे. बर्फ नसला तरी चालेल."

एनोक बायकोच्या कानाशी वाकला. "मग सकाळपासून किटलीभर कॉफी पाजावी लागेल हं मला."