अठरा ब्रास माती

गणिताचे सर निवृत्त झाले, त्याच्या दुसऱ्याच सोमवारी बायकोने त्यांना घरामागे नेलं आणि उघड्याबोडक्या परसाकडे बोट दाखवलं.

"इथे मला हिरवळ हवीये. बत्तीस वर्षं दवाखान्यात पेशंट बघतेय. आता चहा पिताना गवत बघायचंय."

"माळ्याला विचारलंस?"

"विचारलं. तीन इंच चांगली माती पसरा म्हणाला. एखादी छोटी गाडी पुरेल, अंदाजे."

'अंदाजे' हा शब्द सरांना शिवीसारखा लागला. त्यांनी टेप काढली. लांबी तीस, रुंदी वीस, खोली तीन. गुणाकार अठराशे. माती ब्रासने मिळते, आणि शंभर घनफुटांचा एक ब्रास. म्हणजे अठरा ब्रास. सरांनी उत्तराखाली दोन रेघा ओढल्या.

मातीवाला निघाला त्यांचाच विद्यार्थी, नववीत गणितात दोनदा आपटलेला.

"अठरा?" तो फोनवर चाचरला. "सर, माती घरीच टाकायचीये ना? का शाळेच्या मैदानात?"

"आता गणित तू शिकवणार मला?"

"नाही सर." पलीकडे तो बहुधा उठून उभा राहिला असावा.

दुसऱ्या दिवशी बायको कामावर गेली आणि डंपर येऊन घरासमोर माती ओतायला लागले. तिसऱ्या डंपरला अंगणाची खिडकी दिसेनाशी झाली. ड्रायव्हरने विचारलं, "बास ना, साहेब?" सर म्हणाले, "येऊ दे. माती पसरली की बसते." सहावा डंपर रिकामा झाला तेव्हा फाटकही दिसेनासं झालं होतं.

संध्याकाळी बायको स्कूटर घेऊन रस्त्यातच थांबली.

"अहो! आपलं घर कुठंय?"

"आहे, आहे," ढिगाऱ्यापलीकडून आवाज आला. "मागच्या गल्लीतून ये."

आत येऊन तिने पर्स ठेवली आणि हिशेबाचा कागद मागितला.

"हे तीस आणि वीस कसले?"

"फूट."

"आणि तीन?"

सरांनी कागद जवळ ओढला. तीनपुढे काहीच लिहिलेलं नव्हतं, आणि माळी तर इंच म्हणाला होता. उत्तराला एकक लिहिलं नाही म्हणून त्यांनी आयुष्यभर पोरांचे अर्धे गुण कापले होते. हजारो अर्धे गुण कागदावरून त्यांच्याकडे बघत होते.

"दीड ब्रास," ते शेवटी पुटपुटले. "दीडच लागणार होती."

"मातीवाल्याला परत न्यायला सांगा."

"त्याला? त्यापेक्षा मी रस्त्यावर झोपेन."

सकाळी त्यांनी पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं, 'माती टाकायची आहे. आत चौकशी करावी.' पुठ्ठा ढिगाऱ्यात खोचला आणि दुपारी जेवून आडवे झाले. डोळा लागतो न लागतो तोच बाहेर धडधड झाली. धावत जाऊन बघतात तर एक ट्रॅक्टरवाला दुसरी ट्रॉली रिकामी करत होता.

"अहो, हे काय करताय?"

"तुमची पाटी वाचली ना! पाया खणलाय आमच्याकडे, माती टाकायला जागाच नव्हती. लई उपकार झाले बघा." आणि नमस्कार करून तो गेला.

ही नवी माती घरंगळत थेट शेजाऱ्यांच्या फाटकाला टेकली. शेजारी म्हणजे वर्तमानपत्रातले निवृत्त मुद्रितशोधक. एका फांदीवरून भांडण झालं होतं आणि सात वर्षं ते सरांशी एक अक्षरही बोलले नव्हते. ते बाहेर आले, आपल्या अडकलेल्या गाडीकडे पाहिलं, मग पाटीकडे पाहिलं. गाडीपेक्षा पाटीच त्यांच्या जास्त जिव्हारी लागली.

"क्रियापद चुकलंय," ते म्हणाले. "टाकायची म्हणजे कोणी टाकायची? कुठे टाकायची? तुमचं तुम्हाला तरी कळतंय का?" त्यांनी खिशातलं लाल पेन काढलं, सगळं खोडलं आणि लिहिलं, 'माती फुकट मिळेल.'

फुकट हा शब्द गल्लीभर पसरायला दहा मिनिटं लागली. कोणाच्या अंगणात पाणी तुंबत होतं, कोणाला मिरच्या लावायच्या होत्या. लोक घमेली, बादल्या, पोत्यांची थप्पी घेऊन आले, एक जण तर बाळाची जुनी ढकलगाडी घेऊन आला. सरांच्या अंगात पुन्हा वारं शिरलं. कानावर पेन्सिल खोचून त्यांनी दारोदार टेप लावली. प्रत्येकाला किती माती लागेल ते काढून दिलं, आकड्यापुढे 'फूट' आणि 'इंच' ठसठशीत लिहून. चार दिवसांत एकही उत्तर चुकलं नाही. शेजाऱ्यांनी तर शेवटची पाच घमेली नेताना "बसा ना, चहा घ्या," असंसुद्धा म्हटलं.

पाचव्या दिवशी बायकोने झाडलेला स्वच्छ रस्ता पाहिला, फाटक पाहिलं. मग ती मागे गेली. परस तसाच उघडाबोडका होता.

"अहो, आपली माती?"

सरांनी वही उघडली. बेरीज केली, पुन्हा केली. हळूच वही मिटली. "आपली दीड बाजूला ठेवायची राहिली वाटतं."

बायकोने फोन उचलला आणि मातीवाल्याला दीड ब्रासची ऑर्डर दिली.

"काकू, अजून?" तो किंचाळलाच. "अहो, परवाच अठरा ब्रास टाकली ना! एवढी माती गेली कुठं?"

तिने सरांकडे बघितलं. सर छताकडे बघत होते.

"सरांनी खाल्ली," ती म्हणाली.